जादा आलेली रक्कम परत करण्यापूर्वी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, ज्येष्ठांना शाली अर्पण झाल्या, आणि आता भोजनापूर्वी चार शब्द बोलण्याचा मान मंडळाने मला दिला, ह्याबद्दल मी चिटणीसांचा ऋणी आहे. मी वक्ता नाही. माझी सारी नोकरी एका बँकेच्या समाशोधन विभागात, म्हणजे एका बँकेवर काढलेले धनादेश दुसऱ्या बँकेमार्फत वसूल करून देण्याच्या खात्यात, झाली. साहित्यावर अथवा धर्मावर बोलण्याचा अधिकार मला नाही. परंतु पैसा 'आला' असे केव्हा म्हणावे आणि केव्हा म्हणू नये, हे सांगण्याइतका अनुभव ह्या खात्याने मला खास दिला आहे. आजचा विषय तेवढाच आहे.

हा विषय निवडण्याचे कारण माझ्या घरातच घडले. माझा पुतण्या बरीच वर्षे अमेरिकेत असतो. त्याची फसवणूक झाली. ज्याने लयास जावे असे ते नुकसान नव्हते. पण त्याने ती गोष्ट आम्हांला सात महिने सांगितली नाही, ह्याचे दुःख मला अधिक झाले. त्याची अनुमती घेऊनच मी ती आज आपल्यापुढे मांडीत आहे. 'नाव सांगू नका, बाकी सगळे सांगा,' असे तो म्हणाला.

प्रथम त्याच्या व्यवसायाविषयी सांगतो. सुतारकी हा आपल्या ज्ञातीचा मूळ धंदा. माझे आजोबा कोणी जुने घर घ्यावयाचे म्हटले की सोबत जात. वाकसाचा दांडा प्रत्येक खांबावर ठोकीत आणि कान देऊन ऐकत. बाहेरून तेलपाणी दिलेला, गुळगुळीत, तकतकीत खांब. पण आतून वाळवीने पोखरलेला असेल तर आवाज बद्द येई. मग ते मालकाला काही न बोलता घेणाऱ्याला अंगणात नेऊन म्हणत, 'घर चांगले आहे, पण माजघराचा खांब बदलावा लागेल. ती किंमत वजा करून बोला.' ह्याबद्दल त्यांना नारळ-सुपारी मिळे.

आज अमेरिकेत हाच एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. त्याला 'होम इन्स्पेक्टर' म्हणतात. आपण घरतपासनीस म्हणू. तेथे घर विकत घेण्याचा करार पक्का होण्यापूर्वी खरेदीदार स्वतःच्या खर्चाने घराची तपासणी करवितो. छप्पर, पाया, भिंती, विजेची जोडणी, नळ आणि सांडपाणी, घर उबदार वा थंड ठेवण्याची यंत्रे, ह्या साऱ्यांची दोन-चार तास पाहणी करून तपासनीस छायाचित्रांसह लेखी अहवाल देतो. सामान्य घराला ह्याचा मोबदला साधारणतः तीनशे ते पाचशे डॉलर पडतो. ह्या व्यावसायिकांची अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स ही संस्था १९७६ साली स्थापन झाली, आणि अनेक राज्यांत ह्या कामासाठी परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडेही पुण्या-मुंबईस नव्या सदनिकेचा ताबा घेण्यापूर्वी अशी तपासणी करून देणारे लोक अलीकडे दिसू लागले आहेत. पुतण्या स्थापत्य शिकून तिकडे गेला आणि काही वर्षांनी ह्या धंद्यात पडला, तेव्हा मी त्याला लिहिले होते, 'आजोबांचा वाकस तू साता समुद्रापार नेलास.'

आता घडलेली हकीकत सांगतो.

एके दिवशी त्याला इंटरनेटवरून एक पत्र आले. लिहिणाऱ्याने कळविले की, मी आपल्या गावी एक रिकामे घर घेत आहे. त्याची तपासणी करून हवी आहे. मी सध्या एका जहाजावर नोकरीस असल्यामुळे फोनवर बोलणे शक्य नाही. आपला आकार किती तो कळवावा. पुतण्याने ४५० डॉलर कळविले. तिकडून लगेच मान्यता आली. चार दिवसांनी टपालाने एक कॅशियर्स चेक आला. हा चेक बँक स्वतःवरच काढते. आपल्याकडच्या बँकर्स चेकसारखा तो समजावा. तो पुरता विश्वसनीय मानला जातो, कारण पैसे बँकेने आधीच घेतलेले असतात. कागद उत्तम होता, बँकेचे नाव खरे होते, सही होती. फक्त आकडा ४५० नसून २,८५० डॉलरचा होता.

त्याच दिवशी दुसरे पत्र आले. 'माझ्या लेखनिकाची चूक झाली. सामान हलविणाऱ्या माणसाचे पैसेही त्याच चेकमध्ये घातले गेले. घराची किल्ली त्याच्याकडे आहे. पैसे पोचले की तो ती आपणांस देईल. आपणांस त्रास झाला म्हणून ५० डॉलर आपण ठेवून घ्या आणि उरलेले २,३५० त्याच्या खात्यावर आजच्या आज तारेने पाठवा.' तारेने म्हणजे 'वायर ट्रान्स्फर'ने. ह्या मार्गाने रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात तत्काळ जाते.

पुतण्या असावध नव्हता. त्याने चेक बँकेत जाऊन भरला आणि दुसऱ्या दिवशी खाते पाहिले. रक्कम जमा होती. कारकुनास त्याने विचारले, 'हे पैसे मला वापरता येतील काय?' कारकून म्हणाला, 'हो, येतील.' त्याने २,३५० डॉलर पाठविले. अकराव्या दिवशी बँकेने कळविले की चेक बनावट असून तो परत आला आहे, सबब २,८५० डॉलर आपल्या खात्यातून वजा केले आहेत.

हिशेब सरळ आहे. जमा २,८५०, ते पुन्हा वजा २,८५०. ह्यांची फिटंफाट झाली. मध्ये पाठविलेले २,३५० मात्र खरे होते, आणि ते त्याच्या स्वतःच्या शिलकेतून गेले. शिवाय चेक परत आल्याचा बँकेचा आकार वेगळा. जहाजावरचे गृहस्थ, सामान हलविणारा आणि लेखनिक, तिघेही एकाच क्षणी अदृश्य झाले. बहुधा ते तिघे एकच होते.

मी त्याला विचारले, 'अरे, तू एवढी घाई का केलीस?' त्याचे उत्तर मी जसेच्या तसे सांगतो. तो म्हणाला, 'काका, दुसऱ्याचे पैसे माझ्या खात्यात एक रात्रसुद्धा राहू नयेत असे मला वाटले. लहानपणी आपल्या घरात हेच शिकवले होते ना?'

सज्जनहो, ह्या उत्तराने मी निरुत्तर झालो. लोभी माणसाला फसविणारे ठक पुष्कळ असतात. दामदुप्पट करून देतो म्हणणारा ठक लोभावर जगतो. परंतु जादा रक्कम पाठवून उरलेली मागणारा हा ठक प्रामाणिकपणावर जगतो. ज्याला दुसऱ्याचा पैसा पचत नाही, तोच ह्या जाळ्यात लवकर सापडतो. म्हणून आपल्यासारख्या कुटुंबांनी ह्या प्रकाराची माहिती मुद्दाम करून घेतली पाहिजे.

आता कोणी विचारील की, बँकेने रक्कम जमा दाखविली ती खोटी होती काय? खोटी नव्हती आणि खरीही नव्हती. येथेच माझ्या खात्याचा संबंध येतो.

पूर्वी अमेरिकेतल्या बँका चेक भरल्यावर कित्येक दिवस ग्राहकाला पैसे काढू देत नसत. लोकांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा १९८७ साली तेथील काँग्रेसने एक कायदा केला. 'एक्स्पिडायटेड फंड्स अव्हेलॅबिलिटी अ‍ॅक्ट' असे त्याचे नाव. चेक भरल्यानंतर किती दिवसांत ग्राहकाला पैसे वापरू दिले पाहिजेत, ह्याच्या मर्यादा त्याने ठरवून दिल्या. ज्याच्या नावे चेक आहे त्याने स्वतः बँकेत जाऊन स्वतःच्या खात्यावर भरलेला कॅशियर्स चेक असेल, तर सामान्यतः दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी पैसे मोकळे होतात. मोठ्या रकमा, नवी खाती आणि संशयास्पद चेक ह्यांसाठी बँकेला अधिक दिवस घेता येतात. परंतु सर्वसाधारण नियम हा.

हा कायदा ग्राहकाच्या सोयीसाठी झाला आणि तो चांगलाच आहे. पण त्याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. बँक जे पैसे मोकळे करते ते चेक वसूल होण्याच्या भरवशावर दिलेले असतात. चेक खरा आहे अशी हमी ती देत नाही. ज्या बँकेच्या नावाचा चेक आहे ती बँक अथवा ज्याचे खाते त्यावर छापले आहे तो खातेदार 'हा आमचा नव्हे' असे जेव्हा म्हणेल, तेव्हा चेक परत येतो. आणि ह्याला काही दिवस, क्वचित काही आठवडेही लागतात. २००३ च्या कायद्यापासून तेथे कागदी चेकऐवजी त्याची प्रतिमा पाठविता येते. प्रवास त्यामुळे जलद झाला; पण खोटेपणा ओळखला जावयाचा तो मूळ धन्याच्या लक्षात येईल तेव्हाच. परत आलेल्या चेकची जबाबदारी तो भरणाऱ्यावर असते. ह्या दोन दिवसांच्या, म्हणजे पैसे 'मोकळे' होण्याच्या आणि ते 'वसूल' होण्याच्या दिवसांच्या, मधल्या फटीत ठक आपला हात घालतो.

पुतण्याने कारकुनास विचारले, 'पैसे वापरता येतील काय?' कारकुनाने खरे तेच उत्तर दिले. विचारावयाचा प्रश्न निराळा होता: 'ज्या बँकेवर हा चेक आहे तिने तो अंतिमतः चुकता केला आहे काय? आता हा चेक परत येऊ शकतो काय?' ह्या प्रश्नाला 'नाही, आता येऊ शकत नाही' असे निःसंदिग्ध उत्तर मिळेपर्यंत ती रक्कम आपली नव्हे आणि ग्राहकाचीही नव्हे. ती अजून कोणाचीच नव्हे.

हे तत्त्व आपल्या लोकांना नवे नाही. आपल्या पेठांतून हुंडीचा व्यवहार चाले, तेव्हा हुंडी हातात आली म्हणजे पैसा आला असे कोणी सावकार मानीत नसे. समोरच्या पेढीने ती सकारली पाहिजे. दर्शनी हुंडी निराळी, मुदती निराळी. आणि शहाजोग हुंडीचे पैसे तर बाजारात पत असलेल्या, चौकशी करता सापडू शकणाऱ्या शहालाच द्यावयाचे, कोणा अनोळखी वाटसरूला नव्हे. माणूस सापडला पाहिजे, ही त्यातली मुख्य गोष्ट. जहाजावरचा ग्राहक आणि त्याचा सामान हलविणारा ह्यांना कोणत्याही पेढीने शहाजोग मानले नसते.

ह्या ठकांनी घरतपासनीसांचा धंदा का हेरला, हेही पाहू. तपासनीस बहुधा एकटा काम करतो. हिशेबनीस, लेखनिक, ग्राहकाशी बोलणारा, सारे तोच. त्याचा पत्ता आणि फोन जाहिरातीत उघड असतो. त्याचे ग्राहक परगावचे असणे स्वाभाविक आहे, कारण बदली होऊन येणारे लोक दूर राहूनच घर घेतात. एका ग्राहकाचे काम त्याच्याकडे सहसा एकदाच येते, त्यामुळे ओळखीचा प्रश्नच येत नाही. घर-खरेदीत दलाल, वकील, सावकार-बँक, सामान वाहणारे असे पाच-सात लोक असतात. म्हणून 'उरलेले अमक्याला द्या' ही विनंती चमत्कारिक वाटत नाही. घर दुरुस्त करणारे, रंगारी, छायाचित्रकार, शिकवणी घेणारे, भाड्याने खोली देणारे, ह्यांनाही तिकडे हाच अनुभव येतो, कारणे हीच.

ह्यास ओळखावे कसे? मी पुतण्याबरोबर बसून त्याची सारी पत्रे वाचली, आणि सहा खुणा मला दिसल्या. त्या सांगतो.

पहिली खूण अशी की, ग्राहकाला कामाविषयी आस्था नसते. खरा खरेदीदार छपराबद्दल विचारतो, तळघरात पाणी येते काय हे विचारतो, अहवाल केव्हा मिळेल हे विचारतो, आणि आकार थोडा कमी होईल काय हेही विचारल्यावाचून राहत नाही. ठक ह्यांतले काही विचारीत नाही. तो फक्त पैसे कसे द्यावयाचे हे विचारतो.

दुसरी खूण, तो भेटू शकत नाही आणि बोलू शकत नाही. तो जहाजावर असतो, परदेशी असतो, इस्पितळात असतो, किंवा ऐकू येत नाही म्हणून केवळ लिहितो. ह्यांपैकी प्रत्येक गोष्ट खरी असू शकते. म्हणून एकट्या ह्या खुणेवरून कोणाला ठक म्हणू नये.

तिसरी, त्या घराशी त्याचा संबंध पटत नाही. विक्रीस असलेल्या घराचा दलाल तेथे सहज सापडतो. त्याला एक फोन केला असता, 'ह्या नावाचा कोणी खरेदीदार आमच्याकडे नाही,' हे पुतण्याला पाच मिनिटांत कळले असते.

चौथी, आणि हीच मुख्य, ठरलेल्या आकारापेक्षा रक्कम अधिक येते व अधिक रक्कम तिसऱ्याच माणसाला पाठवावयाची असते. ज्याला सामान हलविणाऱ्याचे पैसे द्यावयाचे आहेत, त्याने ते स्वतः का देऊ नयेत? घरतपासनीस ही काही पेढी नव्हे.

पाचवी खूण घाईची. आजच, बँक बंद होण्यापूर्वी, नाही तर व्यवहार मोडेल. ही घाई कशासाठी असते हे आता आपल्या ध्यानात आलेच असेल. चेक परत येण्यापूर्वी पैसे निघाले पाहिजेत.

सहावी, पैसे मागविण्याचा मार्ग असा असतो की गेलेले सहसा परत येत नाहीत. वायर ट्रान्स्फर, झेलसारखी फोनवरून तत्काळ पैसे धाडण्याची सोय, दुकानातल्या भेटकार्डांचे आकडे, आभासी चलन. येणारा पैसा सावकाश खोटा ठरणारा, जाणारा पैसा ताबडतोब खरा; एवढी एकच विषमता साऱ्या प्रकारात आहे.

ह्याच ठकबाजीचा एक दुसरा वेषही आहे. काही वेळा चेक न येता क्रेडिट कार्डाचा क्रमांक येतो. 'माझ्या कार्डावर दोन हजार लावा, आपले ४५० घ्या, उरलेले माझ्या सल्लागाराला पाठवा. त्याच्याकडे कार्ड घेण्याची सोय नाही.' कार्ड कोणाचे तरी चोरलेले असते. खरा धनी महिनाअखेर हिशेब पाहून तक्रार करतो, आणि कार्ड कंपनी ती सारी रक्कम तपासनिसाकडून परत घेते.

आता उपाय. ते थोडे आणि सोपे आहेत. आपल्या करारपत्रकात एक ओळ असावी की, ठरलेल्या आकाराएवढीच रक्कम स्वीकारली जाईल आणि ती काम करवून घेणाऱ्याकडूनच स्वीकारली जाईल. अधिक रकमेचा चेक आला तर तो भरूच नये. 'बरोबर रकमेचा दुसरा पाठवा' असे कळवावे. खरा ग्राहक पाठवील; ठक रागावेल किंवा नाहीसा होईल. संशय आला तर ज्या बँकेचा चेक आहे तिला विचारावे. मात्र चेकवर छापलेल्या फोन क्रमांकावर विचारू नये, कारण तो क्रमांकही ठकाचाच असू शकतो. बँकेचा क्रमांक आपण स्वतंत्रपणे शोधावा. चेक भरला गेलाच असेल तर, मी मघाशी सांगितलेला प्रश्न विचारून पक्के उत्तर मिळेपर्यंत एक डॉलरही बाहेर जाऊ देऊ नये. आणि अखेर काही परत करावयाचे झालेच, तर ज्याच्याकडून आले त्यालाच, ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने, बँकेमार्फत परत करावे. तिसऱ्याला कधीही नाही.

आणि पैसे गेलेच तर? तर पहिल्या तासाची किंमत फार मोठी असते. लगेच आपल्या बँकेला सांगून पाठविलेली रक्कम थांबविण्याची विनंती करावी. अमेरिकेत ह्या तक्रारी एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे करता येतात. चेक टपालाने आला असेल तर टपाल खात्याच्या तपास विभागाकडेही. पाकीट, चेक आणि पत्रे फाडून टाकू नयेत. संतापाने माणूस नेमके तेच करतो.

आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे येथेच आहेत, तेव्हा येथल्या प्रकाराविषयीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. आपल्याकडे चेकचा वापर कमी झाला असल्याने ठकाने येथे फोन धरला आहे. घर भाड्याने द्यावयाचे म्हणून जाहिरात दिली, किंवा डब्यांची, फराळाची मागणी घेतली, की फोन येतो. बोलणारा आपण लष्करात असल्याचे सांगतो, कारण त्या गणवेषाविषयी आपल्या मनात आदर असतो. मग फोनवर संदेश येतो की आपल्या खात्यावर १५,००० रुपये जमा झाले. पाठोपाठ तो काकुळतीने म्हणतो, 'ताई, १,५०० पाठवावयाचे होते, चुकून एक शून्य जास्त पडले. उरलेले १३,५०० परत करा, आमचे माणूस इस्पितळात आहे.' जमा झाल्याचा तो संदेश बँकेचा नसतोच. त्यानेच लिहून पाठविलेला असतो. येथे तर अकरा दिवस थांबण्याचेही कारण नाही. संदेश पाहू नये, खाते पाहावे. खात्याच्या शिलकेत वाढ नसेल तर काहीही आलेले नाही.

दुसरी गोष्ट घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः वडीलधाऱ्यांनी, पाठ करून ठेवावी. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही घालावा लागत नाही. पैसे देण्यासाठी मात्र तो घालावा लागतो. 'पैसे मिळण्यासाठी हा चौकोन स्कॅन करा आणि पिन घाला' असे जो सांगतो, तो पैसे घेत असतो.

आणि समजा, अनोळखी माणसाची रक्कम खरोखरच आपल्या खात्यावर आली, तर? तरीही ती आपण होऊन त्याने सांगितलेल्या क्रमांकावर पाठवू नये. ती दुसऱ्याच कोणाची चोरलेली रक्कम असू शकते. तपासात मग आपलेच खाते गोठविले जाण्याचा संभव असतो. आपल्या बँकेला लेखी कळवावे, पोच घ्यावी, आणि बँक सांगेल त्या मार्गाने ती परत जाऊ द्यावी. फसवणूक झाली असेल तर १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा.

सज्जनहो, आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. पुतण्याने सात महिने मौन का पाळले? तो म्हणाला, 'घरे तपासून लोकांना दोष दाखविणारा मी, मला एक चेक तपासता आला नाही, असे सगळे हसतील.' त्याच्या त्या भीतीला आधार नव्हता असे मी म्हणू शकत नाही. आपल्या ज्ञातीत कोणी फसला की आपण प्रथम हसतो, मग 'मी असतो तर' असे म्हणतो, आणि मग ती गोष्ट लग्नाकार्यात चघळतो. ह्या हसण्यामुळेच फसलेला माणूस गप्प बसतो; आणि तो गप्प बसला की त्याच ठकाला आपल्यातलाच दुसरा माणूस सापडतो. बँकेला कळविण्याचा पहिला तासही ह्या लाजेतच निघून जातो. सात महिन्यांनी तो मला म्हणाला, 'त्या दिवशी संध्याकाळी तुम्हांला फोन केला असता तर?' तर मी चेकच्या आकड्यापाशीच त्याला थांबविले असते. मी नोकरीत असे शेकडो कागद पाहिले होते. माहिती घरातच होती, पण मागितली गेली नाही, ह्याचा दोष मी एकट्या त्याला देणार नाही.

म्हणून माझी मंडळाला नम्र विनंती आहे. आपल्यात निवृत्त बँक कर्मचारी आहेत, वकील आहेत, पोलीस खात्यात सेवा केलेले लोक आहेत. त्यांतल्या दोघा-तिघांनी आपले फोन क्रमांक सभासदांसाठी मोकळे ठेवावेत. कोणालाही पैशाबद्दल संशयास्पद पत्र वा फोन आला तर त्याने पैसे पाठविण्याआधी तेथे विचारावे, आणि विचारणाऱ्याला कोणीही हसू नये. परदेशी असलेल्या मुलांनाही हे कळवावे.

मुलांना आपण जे शिकवितो ते बदलू नका. दुसऱ्याचा पैसा आपला नव्हे, तो परत केलाच पाहिजे, हे शिकवीतच राहा. त्यात एवढेच घाला की, परत करण्यापूर्वी तो खरोखर आला आहे काय, आणि ज्याला आपण देत आहोत तो खरोखर त्याचा धनी आहे काय, हे पाहणे हादेखील प्रामाणिकपणाचाच भाग आहे. माझे आजोबा खांबाचा तकतकीतपणा पाहून कधी हो म्हणत नसत. ठोकून, कान देऊन, मगच सांगत. आणि आवाज बद्द आला तर घाई करणाऱ्या मालकाला म्हणत, 'बसा जरा, चहा घ्या. खांब कुठे पळून जात नाही.'

पुतण्याने आता आपल्या करारपत्रकात ती एक ओळ छापून घेतली आहे. मागच्या महिन्यात त्याला पुन्हा तसाच एक चेक आला, ह्या खेपेला १,९०० डॉलरचा. त्याने तो भरला नाही. मात्र त्याच रात्री मला फोन केला, आणि आम्ही दोघे पुष्कळ वेळ बोलत बसलो.